प्रॉब्लेम आला की डोकं ठरलेल्या वाटेनंच जातं. क्रिएटिव्ह विचार करायला शिकता येतं का?

कुतूहल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. माझं काम तसं साधं आहे, आमच्या टीमकडे अर्ज येतात, ते तपासायचे, पूर्ण असले तर पुढे सरकवायचे, अपुरे असले तर परत पाठवायचे. अर्ज लांबलचक आहे आणि निम्म्याहून जास्त अपुरेच येतात, म्हणजे एकच अर्ज दोन-दोन तीन-तीन फेऱ्या मारतो, भरणारा वैतागतो आणि आम्हीही. मध्यंतरी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगला बसवलं, म्हणाले जरा क्रिएटिव्ह विचार करा, कितीही वेडीवाकडी आयडिया असली तरी चालेल. त्यातून निघालं काय तर सूचनांचं पान जोडा, व्हिडिओ बनवा, महत्त्वाच्या रकान्यांना लाल खूण करा, मदतीला एक माणूस बसवा. यात चुकीचं काहीच नाही, पण सगळ्या आयडिया एकाच जातकुळीच्या, आणि वेगळं काहीतरी सुचावं म्हणून जितका जोर लावावा तितकं डोकं आणखी त्याच जागी जाऊन बसतं.

मला खरंच जाणून घ्यायचंय, हे वेगळं सुचणं उपजत असतं की मेहनतीनं येतं? येत असेल तर नेमकं काय करायचं? 'चौकटीबाहेर विचार करा' असं सांगणारे लेख भरपूर वाचले, चौकट कुठेय ते कोणी सांगत नाही. आणि अजून एक, टीममधले सगळ्यात अनुभवी लोकच सगळ्यात जास्त अडकतात असं का वाटतं?

फिटरदादा:
चांगला धागा. मी मशीन मेंटेनन्समध्ये आहे, आमच्याकडे रोजच काहीतरी अडतं आणि पाहिजे तो पार्ट हाताशी नसतो, त्यामुळे या विषयात मन रमतं.

तुम्ही विचारलंत ना चौकट कुठेय, ती बऱ्याचदा वस्तूच्या कामात असते. कार्ल डंकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1935 साली एक प्रयोग मांडला होता, तो आजही शिकवतात. माणसाला एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक छोटी खोकी द्यायची आणि सांगायचं की मेणबत्ती भिंतीवर उभी लाव. लोक मेणबत्तीतून टाचणी आरपार घालायला बघतात, मेण वितळवून चिकटवायला बघतात, काही जमत नाही. उत्तर असं की टाचण्या ओतून टाकायच्या, रिकामी खोकी भिंतीला टाचायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. आता गंमत बघा, त्याच टाचण्या खोकीबाहेर ठेवून दिल्या तर कितीतरी जास्त लोकांना हे सुचतं. माणसं तीच, अक्कल तीच, फक्त खोकी रिकामी दिसली की ती 'टाचण्या ठेवायची जागा' राहत नाही. म्हणून माझं उपजत वगैरेवर फारसं अडून बसणं नाही, नुसती मांडणी बदलून जर उत्तर सुचत असेल तर आपणही मांडणी बदलू शकतो की.

आता करायचं काय. टोनी मॅकाफ्रे म्हणून एक संशोधक आहेत, त्यांचं 2012 चं काम मला फार उपयोगी वाटतं. त्यांची पद्धत अशी की समोरच्या वस्तूचे तुकडे पाडत जायचे आणि प्रत्येक तुकड्यापाशी दोन प्रश्न विचारायचे: याचे आणखी भाग पडतात का, आणि याचं जे वर्णन मी केलं त्यात त्याचं काम लपलंय का. लपलं असेल तर काम काढून टाकायचं आणि नुसतं ते काय आहे एवढं लिहायचं. त्यांच्या एका कोड्यात लोखंडाच्या दोन जड कड्या एकमेकींना जोडायच्या असतात आणि हातात मेणबत्ती, काडी आणि एक लोखंडी ठोकळा एवढंच असतं. मेणानं कड्या टिकत नाहीत. पण मेणबत्तीचे भाग करा, मेण आणि वात. वात म्हटलं की जळणं डोळ्यापुढे येतं. काम काढून टाका, काय उरलं? सुताची लांब दोरी. दोरी दिसली की बांधा कड्या, मेण खरवडून काढायला ठोकळ्याची कड आहेच. हे तंत्र शिकवलेल्या गटानं न शिकवलेल्यांपेक्षा 67 टक्के जास्त कोडी सोडवली होती.

आम्ही कामावर हे कागदावर करतो, खरंच लिहून. तोंडी केलं की माणूस दोन पायऱ्यांत थांबतो.

अपोलो 13 चं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतोच कारण मला ते कधी जुनं वाटत नाही. एप्रिल 1970, चंद्राकडे निघालेल्या यानात स्फोट झाला, तिघेही अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात येऊन बसले, ते बनवलेलं दोघांसाठी, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. तो शोषणारे डबे मोठ्या यानात भरपूर शिल्लक, पण ते चौकोनी आणि छोट्या यानातली जागा गोल. जमिनीवरच्या टीमनं यानात जे जे आहे तेवढंच वापरून जोड बनवला, प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेची पुठ्ठ्याची कव्हरं, स्पेससूटची नळी आणि चिकटपट्टी, आणि मग रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. कुठलीही आयडिया चालेल असं तिथं कोणी म्हणालं नव्हतं. उलट हातात नेमकं काय आहे याची यादी पक्की होती. मला वाटतं तुमच्या मीटिंगमध्ये तीच यादी नव्हती.

पाऊलवाट:
वाचतेय. फिटरदादा, वातीचं उदाहरण फार आवडलं.

सावली:
मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे अनुभवी लोक का अडकतात या प्रश्नावर बोलते, तो मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

आधी एक करून बघा, वरवर वाचू नका, कागद घ्या. तीन भांडी आहेत, 21, 127 आणि 3 मापांची. यांच्या मदतीनं बरोब्बर 100 मापं पाणी मोजायचंय. थोडं डोकं खाजवलं की निघतं, 127 चं भरा, त्यातून 21 काढा, मग 3 दोनदा काढा. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञानं 1942 मध्ये लोकांना अशी पाच गणितं एकामागून एक दिली, पाचही याच पद्धतीनं सुटणारी. मग सहावं दिलं: 23, 49 आणि 3, मोजायचे 20. बहुतेकांनी 49 मधून 23 काढले, मग दोनदा 3. उत्तर बरोबर येतं. पण 23 मधून एकदा 3 काढले की झालं होतं! ज्यांनी आधीची पाच केलीच नव्हती त्यांना हे सरळ दिसलं. आणि पुढे 28, 76, 3 मधून 25 मोजायचं गणित आलं, तिथं लांबची पद्धत चालतच नाही, नुसते 28 वजा 3, तर सरावलेल्यांपैकी बरेच जण तिथं अडकून बसले.

म्हणजे अनुभव डोळ्यांवर पट्टी बांधतो ती अशी, की जुनी पद्धत चुकत नाही, चालत राहते. चुकली असती तर आपण सोडली असती. तुमचे अनुभवी सहकारी 'सूचना आणखी स्पष्ट करा' म्हणतात कारण आजवर स्पष्ट सूचनांनी थोडाफार फरक पडलेला त्यांनी बघितलाय. मला यात त्यांचा दोष दिसत नाही.

उपाय साधा आहे पण करायला कंटाळवाणा आहे. पहिलं चालण्यासारखं उत्तर मिळालं की ते लिहून बाजूला ठेवायचं आणि स्वतःला सांगायचं की हे वापरायला आता बंदी, आता काय? लुचिन्सनं काही जणांना मध्येच कागदावर आंधळेपणा करू नका अशा अर्थाची सूचना लिहायला लावली होती आणि तेवढ्यानंही काहींची सुटका झाली. दुसरं म्हणजे नवख्या माणसाला विचारायचं, पण त्याला आपली पद्धत समजावून सांगायच्या आत. आपण आधी तासभर सगळं समजावतो आणि मग विचारतो तुला काय वाटतं, तोवर त्याचीही पाच गणितं करून झालेली असतात.

गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या आसपास क्रिएटिव्ह विचाराच्या अभ्यासाला जोर दिला, त्यांच्या चाचणीत विटेचे उपयोग सांगा असा प्रश्न असतो. घर बांधायला, भिंत बांधायला, ओटा बांधायला, कट्टा बांधायला, असे वीस उपयोग सांगणारा माणूस भरभर बोलतोय पण एकाच कप्प्यात फिरतोय. दाराला अडसर, वजन, घासून लाल रंगाची पूड, असे पाचच सांगणारा पाच कप्पे उघडतोय. तुमच्या मीटिंगच्या चार आयडिया परत वाचा, सगळ्या 'भरणाऱ्याला आणखी समजावा' या एका कप्प्यातल्या आहेत. आयडिया किती आल्या ते मोजू नका, कप्पे किती झाले ते बघा.

एकला_चालो:
मला मीटिंगबद्दलच बोलायचंय. एकत्र बसून आयडिया काढणं ही पद्धत अॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसानं लोकप्रिय केली, टीका नको, वेडं सुचलं तरी बोला, संख्या महत्त्वाची असे नियम घालून. नियम चांगलेच आहेत. पण 1958 मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासून बघितलं, चार जण एकत्र बसवले आणि दुसरीकडे चार जण वेगवेगळे बसवून त्यांच्या आयडियांची बेरीज केली, एकसारख्या आयडिया एकदाच धरून. वेगवेगळे बसलेले पुढे निघाले. नंतर 1987 मध्ये डील आणि स्ट्रोबे यांनी कारण शोधलं, तर मोठं कारण लाज किंवा आळस नव्हतंच, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो हे होतं. दुसरा बोलत असताना आपण आपली आयडिया धरून बसतो, ती धरून ठेवण्यात नवीन सुचत नाही, आणि आपला नंबर येईस्तोवर ती सांगण्यासारखी वाटत नाही.

त्यामुळे मी तर म्हणेन, आधी प्रत्येकानं एकट्यानं गप्प बसून लिहा, मग कागद गोळा करा, नाव न टाकता वाचा, आणि मगच बोलायला सुरुवात करा. साहेबांनी पहिल्यांदा बोलायचं नाही, हे फार महत्त्वाचं. साहेब बोलले की सगळ्यांची गाडी तिकडेच वळते.

तर्कट:
वरचे सगळे प्रतिसाद चांगले आहेत पण माझा एक आक्षेप आहे आणि तो नोंदवून ठेवतो. ही सगळी कोड्यांची उदाहरणं आहेत. मेणबत्ती, भांडी, विटा. खऱ्या प्रश्नात आधी त्या विषयाची माहिती लागते, आणि ती नसताना नुसती तंत्रं वापरली तर वेगळं सुचतं पण निकामी सुचतं. पॉइंकारे हा फ्रेंच गणिती सांगतो की घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्याला उत्तर सुचलं, आणि लोक तेवढंच उचलतात. त्याच्या आधी तो त्याच प्रश्नावर किती दिवस खपला होता ते कोणी सांगत नाही. ग्रॅहम वॉलसनं 1926 मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या, तयारी, मुरत ठेवणं, सुचणं आणि पडताळणं. पहिली आणि शेवटची पायरी गाळून मधल्या दोन मिळत नाहीत. मुरायला घालायला आधी काहीतरी असावं लागतं ना.

दुसरा मुद्दा, माहिती असली तरी ती वेळेवर आठवत नाही ही खरी अडचण आहे. गिक आणि होलीओक यांनी 1980 मध्ये लोकांना एक गोष्ट वाचायला दिली, सेनापतीला किल्ला घ्यायचाय, रस्त्यांवर सुरुंग आहेत, मोठं सैन्य एका रस्त्यानं नेलं तर उडेल, मग तो सैन्याच्या तुकड्या करून सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी पाठवतो. त्यानंतर प्रश्न दिला: पोटात गाठ आहे, तीव्र किरणांनी ती मरेल पण वाटेतला चांगला भागही जळेल, काय कराल? उत्तर तेच, सौम्य किरण अनेक बाजूंनी सोडा, गाठीपाशी एकत्र येतील. गोष्ट नुकतीच वाचलेली असूनही बऱ्याच जणांना जोडता आलं नाही. आणि मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा एवढं म्हणताच बहुतेकांना जमलं. याच दोघांनी पुढे 1983 मध्ये दाखवलं की अशा दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्यात समान काय ते लिहायला लावलं तर लोकांना आपणहून जोडता येतं. म्हणजे सराव कसला करायचा तर सुटलेल्या प्रश्नांचा. वेगळ्या क्षेत्रांतले दोन सुटलेले प्रश्न घ्या आणि तपशील काढून टाकून सांगाडा लिहा.

हाच उद्योग गेन्रिख आल्टशुलर या सोव्हिएत इंजिनिअरनं 1946 पासून पेटंटच्या कागदांवर केला, हजारो शोध चाळून त्यानं बघितलं की अडचणी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या असल्या तरी सोडवायच्या रीती त्याच त्याच येतात. त्यातून 40 तत्त्वं काढली, ट्रिझ म्हणतात त्या पद्धतीला. मला त्यातला एक प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा वाटतो, या दोन गोष्टी एकाच वेळी लागतात का? विमानाला जमिनीवर चाकं पाहिजेत आणि हवेत नकोत. मधलं काहीतरी, अर्धी चाकं, असं करून चालत नाही. वेळ वेगळी आहे हे लक्षात आलं की चाकं पोटात घ्यायची वाट मोकळी होते. कुतूहल, तुमच्या अर्जातही असंच भांडण असेल, तुम्हाला माहिती भरपूर पाहिजे आणि भरणाऱ्याला अर्ज छोटा पाहिजे. सगळी माहिती पहिल्याच दिवशी लागते का?

कुतूहल:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. तर्कट, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी आज एक केलं. फिटरदादांनी सांगितलं तसं कागद घेऊन अर्जाचे भाग पाडले, एकेक रकाना, आणि समोर लिहीत गेले की ही माहिती पुढे कोण वाचतं आणि कशासाठी. सहकाऱ्यांना फोन करकरून विचारलं. काही रकाने मंजुरीच्या आधीच लागतात, ते ठीक. बरेच असे आहेत की मंजुरी झाल्यावर लागतात, आधी लागतच नाहीत. आणि काही रकाने असे निघाले की ते कोणीच वाचत नाही, का आहेत विचारलं तर पूर्वीपासून आहेत! अर्ज अपुरा म्हणून परत जातो तो बऱ्याचदा याच रकान्यांपायी. मीटिंगमध्ये आम्ही सगळे 'लोक अर्ज नीट कसा भरतील' यावर बोलत होतो, आणि आता वाटतंय प्रश्नच दुसरा होता, आम्ही अर्ज परत का पाठवतो हा. हे बरोबर चाललंय का माझं? आणि एवढं साधं आधी कोणालाच का दिसलं नाही हे मात्र अजून कळत नाही.

सावली:
फारच छान, अगदी बरोबर चाललंय! आणि का दिसलं नाही यावर चक्क संशोधन आहे. 2021 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला, लोकांना वस्तू, मजकूर, आराखडे सुधारायला दिले, तर माणसं सवयीनं भर घालतात, काढून टाकायचं सुचतच नाही, काढणं जास्त सोपं असलं तरी. लेगोच्या ठोकळ्यांची डुगडुगणारी रचना पक्की करायला लोक आणखी ठोकळे लावत बसतात, एक ठोकळा काढला तर काम होत असतं. तिथंही ठोकळा लावायला पैसे पडतात पण काढून टाकायला पडत नाहीत अशी नुसती आठवण केली की जास्त लोकांना ते दिसलं. तुमच्या चारही आयडिया भर घालणाऱ्या होत्या, पान जोडा, व्हिडिओ जोडा, खूण जोडा, माणूस जोडा.

प्रश्न बदलण्याबद्दलही सांगते. गेत्झेल्स आणि चिक्सेंटमिहाय यांनी शिकागोत चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना टेबलावर 27 वस्तू देऊन त्यातल्या हव्या त्या मांडून चित्र काढायला सांगितलं. काहींनी झटपट दोनचार वस्तू मांडल्या आणि काढायला बसले. काहींनी कितीतरी वस्तू हाताळल्या, फिरवून बघितल्या, मांडणी मोडली, चित्र निम्मं झाल्यावरसुद्धा बदललं. जाणकारांना दुसऱ्या गटाची चित्रं जास्त मौलिक वाटली. या मुलांचा वेळ काय काढायचं हे ठरवण्यात गेला होता. तुम्ही आज फोन करण्यात घालवलात तो वेळ तसलाच आहे.

तर्कट:
कुतूहल, उत्तम, पण वॉलसची चौथी पायरी विसरू नका. कोणी वाचत नाही असं फोनवर म्हणणं वेगळं आणि खरंच न लागणं वेगळं, वर्षाकाठी एकदा लागणारी माहिती अशी निसटते. रकाने लगेच उडवू नका. थोडे दिवस असं करा की त्या रकान्यांसाठी अर्ज परत पाठवायचा नाही, रिकामे राहू द्यायचे, आणि कोण तक्रार करतंय ते टिपून ठेवायचं.

फिटरदादा:
तर्कटशी सहमत. आमच्याकडे नट जास्तीचा वाटला तरी आधी ढिला करून मशीन चालवून बघतात, मग काढतात. आणि त्या रकान्यांचा मूळ कागद कोणाकडे असेल तर शोधा, घातले तेव्हा काय अडलं होतं ते कळेल.

कुतूहल:
पटलं दोघांचं. साहेबांकडे उद्या हेच मागते, रकाने काढायची परवानगी मागतच नाही, फक्त त्या रकान्यांपायी अर्ज परत न पाठवायची मुभा आणि टिपायला एक वही. आणि पुढच्या मीटिंगला आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं हेही सुचवते, एकला_चालो यांचे नियम प्रिंट करून नेते. महिन्याभरानं काय निघालं ते इथंच लिहीन. तोवर कोणी अर्ज किंवा याद्या छोट्या करायचं काम केलं असेल तर जरूर लिहा, विशेषतः मंजुरीनंतर लागणारी माहिती तुम्ही नेमकी कधी आणि कशी मागता ते.